हयातीचा दाखला

(मंडळाच्या सावनेर येथील वार्षिक संमेलनात ज्येष्ठांच्या बैठकीत केलेले भाषण)



चिटणीसांनी पत्र पाठवून ‘ज्येष्ठांचे जीवन आणि नवी यंत्रे’ या विषयावर बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न पाहून परीक्षार्थ्याची जी स्थिती होते ती माझी झाली. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सदतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविले. यंत्रांपैकी शाळेची घंटा व भिंतीवरचे घड्याळ ही दोनच काय ती माझ्या ताब्यात होती, आणि त्यांतले घड्याळ बहुधा बंदच असे. तरीही एका बाबतीत माझा अधिकार कोणी नाकारणार नाही. ती बाब म्हणजे हजेरी. जन्मभर मी दुसऱ्यांची हजेरी घेतली. आता उतारवयात यंत्रे माझी हजेरी घेत आहेत, तीही दिवसातून एकदा नव्हे तर प्रत्येक क्षणाला. तेव्हा या विषयावर बोलायला मी अगदीच नालायक नाही.

दुसरे असे की, मी थोडे हसत-हसत बोलणार आहे. त्याचा दोष मला देऊ नये, या गावच्या मातीला द्यावा. ‘बाळकराम’ या नावाने ज्यांनी महाराष्ट्राला हसविले त्या राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, याच सावनेरात देह ठेवला. ज्यांना ते गुरुस्थानी मानीत ते ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जन्माने नागपूरचेच. ज्या गोष्टींपुढे तक्रार अर्ज चालत नाही, तेथे थट्टा चालते, हे या दोघांनी दाखविले. आपणां वृद्धांच्या तक्रार अर्जांचे काय होते हे मी आपणांस सांगावयास नको.

गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकात गोकुळ नावाचे एक विसरभोळे पात्र आहे. त्याच्या विसरभोळेपणावर तीन पिढ्या हसल्या. आज तोच गोकुळ सावनेरच्या बाजारात आला तर त्याच्या खिशात एक मोबाइल असेल आणि त्या मोबाइलला सर्व काही आठवत असेल. गोकुळ काय विसरला, कोठे विसरला, विसरण्यापूर्वी कोणत्या दुकानापुढे किती वेळ उभा होता, हे सारे. गेल्या कार्तिकात माझ्या मोबाइलने मला आपण होऊन कळविले की, मागच्या वर्षी याच दिवशी तुम्ही रामटेकला होता. मी होतो खरा. परंतु मी त्याला विचारले नव्हते. आपल्या सावनेरवरून छिंदवाड्याकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी २०१५ पर्यंत धावत होती. तिचा तिकीट तपासनीसही मी कोठे जातो ते पाही. पण पाहून तो तिकिटाला भोक पाडी आणि विसरून जाई. त्याच्या त्या विसरण्याची किंमत मला आता कळू लागली आहे.

आता माझ्या मनगटाची कथा. माझा मुलगा पुण्याला नोकरीस असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला त्याने मला एक घड्याळ आणले. त्याच्या पोटाखाली एक हिरवा दिवा लुकलुकतो. कातडीखालून वाहणाऱ्या रक्तावरून तो नाडीचे ठोके मोजतो. हात किती हलतो हे टिपणारी आणखी एक बारीक वस्तू आत आहे, आणि त्यावरून पावलांचा अंदाज बांधला जातो. झोपेचाही हिशेब होतो. हा सगळा हिशेब माझ्या मोबाइलवर, तेथून कंपनीच्या कोठल्याशा कोठारात आणि तेथून मुलाच्या मोबाइलवर जातो. म्हणजे माझ्या झोपेची बातमी माझ्या उशाला कळण्यापूर्वी पुण्याला कळते.

या घड्याळाच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण अकलेबद्दल आहे. एकादशीला विठ्ठल मंदिरात बसून मी दोन तास टाळ वाजविले. घड्याळाने माझ्या नावावर सहा हजार पावले जमा केली. घरी आलो तो सुनेचा फोन. “बाबा, आज खूपच चाललात!” दुसऱ्या दिवशी एका हातात छत्री व दुसऱ्या हातात संत्र्यांची जड पिशवी धरून मी बाजारातून घरापर्यंत खरोखर चालत आलो, तर हात न हलल्यामुळे घड्याळाच्या लेखी मी जवळजवळ जागचा हललोच नव्हतो. दुपारी निश्चल पडून ज्ञानेश्वरी वाचावी तर ती झोपेत जमा होते. वाचता-वाचता खरोखर डोळा लागण्याचे प्रसंगही येतात, नाही असे नाही, पण तो माझा आणि ज्ञानोबांचा प्रश्न आहे.

येथवर हसण्यासारखे आहे. पण गेल्या पौषात एका सकाळी मुलाचा फोन आला. “बाबा, काल रात्री झोप चारच तास. काय झालं? रात्री मोबाइल पाहत होतात का?” मी म्हणालो, “नाही रे, असेच.” खरी गोष्ट अशी की त्या दिवशी त्याच्या आईची पुण्यतिथी होती. घड्याळाला मी जागा होतो हे कळले. का जागा होतो हे त्याला कळणार नव्हते. मुलाला मात्र ते कळावयास हवे होते, आणि घड्याळ नसते तर त्याने “काय झालं?” एवढेच विचारले असते आणि मीही सांगितले असते. आकडा आधी पोहोचला, म्हणून प्रश्नही आकड्याचाच आला.

त्या रागात मी एक लबाडी केली, ती आज भर सभेत कबूल करतो. एका रविवारी ते घड्याळ मी शेजारच्या सातवीतल्या मुलाच्या मनगटावर बांधले आणि त्याला क्रिकेट खेळावयास पाठविले. संध्याकाळपर्यंत मी तेवीस हजार पावले चाललो, आणि माझी नाडी मिनिटाला एकशे साठपर्यंत गेली. पुण्याहून फोनवर फोन येऊ लागले. मी फोन घरी ठेवून मंदिरात गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा रात्रीच्या बसने धावत येऊन दारात उभा! मी अंगणात तुळशीला पाणी घालीत होतो. तो आधी रडला, मग रागावला, मग हसला. दोन दिवस राहिला, आणि त्या दोन दिवसांत आईविषयी आम्ही जितके बोललो तितके चार वर्षांत बोललो नव्हतो. याचे श्रेय यंत्राला द्यावे की माझ्या लबाडीला, याचा निर्णय माझ्याने होत नाही. घड्याळ मी पुन्हा घालतो. न्हाणीघरात पाय घसरून पडलो तर ते मुलाला कळवील असे त्याने समजावून सांगितले, आणि एकट्या माणसाला हा आधार थोडा नाही. मात्र आता रविवारी फोनवर पावलांचा विषय काढावयाचा नाही, असे आमच्यात ठरले आहे.

आता आपण म्हणाल, गुरुजी, तुम्ही स्वतः काय कमी माहिती गोळा केलीत? खरे आहे. १९८१, १९९१, २००१ आणि २०११ या चारही जनगणनांना मी प्रगणक होतो. खांद्यावर पिशवी, हातात तक्ता, घरोघर वणवण. १९८१ सालची गोष्ट सांगतो. केळवदच्या बाजूच्या एका खेड्यात एका आजीबाईंना मी वय विचारले. त्या म्हणाल्या, “मास्तर, मानमोडी आली तवा मी दोन वर्साची होती, असं माही माय सांगे.” मानमोडी म्हणजे १९१८ ची साथ. मी हिशेब करून पासष्ट लिहिले. तशी आकडेमोड करता न येणाऱ्या कितीतरी घरी साठ, पासष्ट, सत्तर अशी ठोकळ वयेच लिहावी लागली. आपल्या देशाच्या जनगणनेत पाचाच्या पटीतली वये इतकी का भरतात याचे संख्याशास्त्रज्ञांना कोडे नाही. ते कोडे आम्हां मास्तरांनीच घातलेले आहे. आजीबाईंनी मग मला उलट विचारले, “हे कायले पायजे सरकारले?” मी उत्तर दिले, त्यांनी ऐकले, आणि चहा केला.

त्या प्रश्नात आणि त्या चहात फार मोठे शास्त्र भरलेले आहे असे मला आता वाटते. जनगणनेचा कायदा १९४८ सालचा. एका माणसाने दिलेली माहिती दुसऱ्याला दाखवू नये, तिची कागदपत्रे कोणास तपासता येऊ नयेत, ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येऊ नये, असे त्यात स्पष्ट घातले आहे. आमच्या वेळचा प्रगणक दहा वर्षांतून एकदा येई, दार वाजवी, आपले नाव सांगे, समोर बसून लिही, आणि कायद्याने तोंड मिटून जाई. मनगटावरचा प्रगणक क्षणाक्षणाला येतो, दार वाजवीत नाही, कायले पायजे हे विचारायची संधी देत नाही, आणि चहा तर पीतच नाही. आरंभी तो एक लांबलचक संमतिपत्र इंग्रजीत पुढे करतो, आणि त्याखाली ‘मान्य आहे’ असे एकच बटण असते. ‘मान्य नाही’ असे बटण दाबले तर घड्याळ चालू होत नाही. ही कसली संमती? शाळेत मी मुलांना विचारीत असे, “गृहपाठ करणार ना?” त्या जातीची ही संमती.

आता ज्यावरून या भाषणाला नाव दिले त्या विषयाकडे येतो. आपणांपैकी जे निवृत्तिवेतन घेतात त्यांस नोव्हेंबर महिन्याचे माहात्म्य सांगणे नको. त्या महिन्यात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. पूर्वी बँकेत जाऊन यादीवर सही केली की झाले. रोखपाल मान वर करून पाही, “काय गुरुजी, बरे आहे ना?” म्हणे, आणि मी हयात असल्याचा निर्णय होई. पुढे १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही योजना काढली. आधार क्रमांक द्यावा, यंत्रावर बोट ठेवावे, आणि घरबसल्या दाखला मिळवावा. योजना चांगली आहे. मुलाकडे परगावी राहणारा, अंथरुणाला खिळलेला, चाळीस मैलांवर बँक असलेला, अशा सर्वांची तिने सोय केली. मी तिची निंदा करणार नाही. थट्टा मात्र करीन, कारण थट्टा ही निंदा नव्हे.

अडचण बोटांची आहे. वय वाढले की कातडी पातळ व कोरडी होते, बोटांवरील रेषा झिजतात. त्यातून ज्यांनी जन्मभर कापूस वेचला, विड्या वळल्या, चुन्या-सिमेंटात हात घातले, माग चालविला, त्यांच्या बोटांवर रेषा उरतील कोठून? आपल्याच समाजातील एक वृद्ध विधवा भगिनी, त्यांचे नाव मी घेत नाही, निराधार वेतनासाठी गेल्या असता यंत्राने त्यांचे बोट सहा वेळा नाकारले. दहाही बोटे झाली. लिंबाने धुतली, तेल लावले, फडक्याने पुसली. यंत्राचे म्हणणे एकच : जुळत नाही. शेवटी त्या खिडकीवरील तरुणाला म्हणाल्या, “मी हाय ना बापू इथं उभी!” तो म्हणाला, “आजी, मला दिसता हो, याला दिसत नाही.” ज्या हातांनी साठ वर्षे काम केले त्याच हातांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली, आणि ती साक्ष कामाचीच होती. तीन महिने त्यांस वेतन मिळाले नाही. बोट जुळत नसेल तर डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटविता येते. २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकांस चेहऱ्यावरून दाखला देण्याचीही सोय झाली आहे. पण ही दुसरी वाट आहे हे त्या खिडकीवर कोणी त्यांस सांगितले नाही. अखेर आपल्याच मंडळाचे एक कार्यकर्ते त्यांच्यासोबत गेले, आणि बुबुळावर काम झाले.

चेहऱ्याच्या दाखल्याचा अनुभव मी स्वतः घेतला. मोबाइल समोर धरला की तो पापण्या मिटून उघडण्यास सांगतो. छायाचित्र पापणी मिटत नाही, जिवंत माणूस मिटतो, हे त्यातले तत्त्व. माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी मी पापण्या मिटल्या. मान्य नाही. पुन्हा मिटल्या. चौथ्या खेपेला मी इतक्या आवेशाने डोळे मिचकावीत होतो की समोरून भाजी घेऊन जाणाऱ्या एका प्रौढ बाई थबकल्या आणि पदर सावरून झपाझप निघून गेल्या. दाखला मिळाला. अब्रू मात्र थोडी गेली.

हे झाले सरकारी दप्तर. त्याच्यावर काही अंकुश तरी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात त्याच न्यायालयाने आधार कायम ठेविले, पण बँकेचे खाते व मोबाइल त्यास जोडण्याची सक्ती रद्द केली. २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला. ‘विदा’ हा शब्द नवा आहे. ‘डेटा’ला तो मराठी प्रतिशब्द. या कायद्याचे मर्म आमच्या आजीबाईंच्या प्रश्नातच आहे. कायले पायजे ते आधी सांगा, तेवढेच घ्या, आणि काम झाले की पुसून टाका.

पण चोर कायदा वाचून येत नाही. दोन महिन्यांपूर्वी मला एक फोन आला. पलीकडचा गृहस्थ हिंदीत, मोठ्या अधिकाराच्या आवाजात बोलत होता. माझे पूर्ण नाव, माझी बँक, निवृत्तिवेतन जमा होण्याची तारीख, मुलगा पुण्याला असतो हे, सारे त्याला ठाऊक होते. माझ्या नावावर गुन्हा असून मला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका, असे तो म्हणाला. बंधूंनो, सदतीस वर्षे मुलांना दरडावलेला मी मास्तर, माझे हात कापू लागले. मी वाचलो तो केवळ शेजारचा तोच क्रिकेटवाला मुलगा त्या वेळी चेंडू मागावयास आला म्हणून. त्याने हात पुढे करून फोन बंद केला आणि म्हणाला, “गुरुजी, असं काही नसतं.” खरोखरच नसते. आपल्या कायद्यात फोनवरची अटक नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले होते. असा फोन आला तर तो ठेवून द्यावा व १९३० या क्रमांकावर कळवावे. हा आकडा आपण घरी गेल्यावर भिंतीवर लिहून ठेवावा, एवढी विनंती करतो.

रात्रभर मी एकाच प्रश्नाचा विचार केला. त्याला माझी इतकी माहिती दिली कोणी? मग आठवू लागलो. प्रदर्शनात सोडतीसाठी भरलेली चिठ्ठी. कापडाच्या दुकानात बिलासाठी सांगितलेला मोबाइल. फुकट आरोग्य तपासणीच्या शिबिरात भरलेला तक्ता. प्रत्येकाने थोडे थोडे विचारले आणि मी, जन्मभर रकाने भरण्याची सवय असलेला माणूस, सुवाच्य अक्षरात भरीत गेलो. मोबाइल पोटभर माहिती खातो हे खरे, पण पहिला घास मी माझ्या हाताने भरविलेला आहे.

आणि आता मला जे बोलावयाचे आहे ते थोडे कडू आहे. आज दारात प्रवेश करताना आपणां सर्वांस मंडळाचा एक अर्ज मिळाला. नवी समाज-निर्देशिका छापण्यासाठी कुटुंबांची माहिती हवी आहे. पूर्वीची निर्देशिका तयार करण्यात माझाही हात होता. ती घरोघरी फिरून, कागदावर लिहून, मी मोठ्या अभिमानाने पूर्ण केली होती, आणि तिच्यामुळे आपल्यातील कितीतरी लग्ने जुळली. तेव्हा निर्देशिका नको असे मी म्हणणार नाही. पण या अर्जाचे रकाने पाहा. नाव, गाव, गोत्र, रक्तगट हे ठीक. पुढे जन्मतारीख, मोबाइल, वार्षिक उत्पन्न, शेती किती, आधार क्रमांक. आणि बाविसाव्या रकान्यात : ‘ज्येष्ठ सदस्य घरी एकटे राहतात काय?’

चिटणीस माझे विद्यार्थी आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. हा प्रश्न तुम्ही काळजीपोटी घातला आहे हे मी जाणतो. एकट्या वृद्धांकडे कार्यकर्त्यांनी जावे हा तुमचा हेतू आहे. पण ही निर्देशिका छापून शेकडो घरी जाईल, आणि तिचे छायाचित्र काढून एका रात्रीत सर्व समूहांवर फिरेल. नाव, पत्ता, मोबाइल, उत्पन्न आणि ‘होय, एकटे राहतात’, हे पाच रकाने शेजारी-शेजारी छापले म्हणजे त्या फोनवाल्या गृहस्थाला आणखी काही विचारावेच लागणार नाही. आधार क्रमांक तर कोणाचाही छापून प्रसिद्ध करू नये असे आधारचा कायदाच सांगतो. एखाद्या कामासाठी तो खरोखर लागलाच तर शेवटचे चार आकडे दिसतील अशी झाकलेली प्रत मिळते. ज्यांना ती काढता येत नाही त्यांस आपली कॉलेजातली नातवंडे काढून देतील.

माझी सूचना अशी. आधार, उत्पन्न व शेती हे तीन रकाने अर्जातून काढून टाकावेत. जन्मतारखेऐवजी जन्मवर्ष घ्यावे. एकटे राहणाऱ्यांची यादी छापू नये. ती एका वहीत, हाताने लिहून, ज्यांच्याकडे कुलूप आहे अशा एकाच कार्यकर्त्याकडे ठेवावी, आणि महिन्यातून एकदा त्या प्रत्येक घरी कोणीतरी जाऊन यावे. वही लिहून देण्याचे काम मी करीन. अक्षर अजून हालत नाही.

आणि ही सूचना मान्य होवो वा न होवो, माझा अर्ज मी आजच भरून आणला आहे. नाव लिहिले आहे. गाव सावनेर. आधार क्रमांकाच्या रकान्यात ‘कायले पायजे?’ असे लिहिले आहे, व्याकरणदृष्ट्या ते अशुद्ध आहे हे मला ठाऊक आहे. बाविसाव्या रकान्यात ‘येऊन पाहावे, चहा मिळेल’ असे लिहिले आहे. चिटणीस, हा घ्या.